परदेशाशी मराठवाड्याची तुलना कशी करावी : पंगतीपुरती पक्की रीत

कुणाचा पोरगा फ्रँकफर्टला लागला असेल किंवा कुणी शासकीय अभ्यास दौऱ्यावर इस्रायलला जाऊन आलं असेल, तर पुढच्या लग्नात तुलना होणार हे धरून चाला. अक्षता पडल्या की "तिकडं बघा अन् आपल्याकडं बघा" सुरू होतं. अशा वेळी ऐनवेळी काहीतरी बोलून फसण्यापेक्षा तयारी घरूनच करून जावी.

आधी निकाल ठरवा, देश नंतर निवडा. मराठवाड्याला नावं ठेवायची असतील तर पश्चिम युरोप किंवा इस्रायल घ्या. आहे ते बरं आहे असं पटवायचं असेल तर सोमालिया घ्या. मधल्या देशांच्या वाटेला जाऊ नका. 1990 साली आपल्यापेक्षा गरीब असलेला व्हिएतनाम कुणी काढलाच, तर "तिकडं हुकूमशाही आहे" म्हणून विषय मिटवा. त्याच्याशी तुलना केली तर काहीतरी शिकावं लागण्याचा धोका असतो.

मग पैसे. जर्मनीत 2025 साली किमान वेतन तासाला 12.82 युरो होतं. चालू भावाने गुणलं की आकडा हजारावर जातो. त्याच्या शेजारी परभणीतल्या शेतमजुराची दिवसाची हजेरी मांडा आणि तिथेच थांबा. घरभाडं, हिवाळ्यातलं हीटिंगचं बिल, केस कापायला लागणारे युरो ही सगळी खर्चाची बाजू, आणि खर्चाची बाजू वक्त्याने काढायची नसते. उलट भारताची अर्थव्यवस्था जगात तिसरी आहे असं सांगायचं असेल, तर बाजारातला दर खिशात ठेवून क्रयशक्तीचा दर बाहेर काढा. जागतिक तुलनेसाठी 2021 च्या किमतींवर जी मोजणी झाली, तिच्यात एका डॉलरची खरेदी भारतात सुमारे 20 रुपयांत होत होती. बँकेत त्याच डॉलरला तेव्हा 74 रुपये पडत. दोन्ही दर खरे आहेत, आणि सगळी सोय त्यातच आहे. कमाई एका दराने सांगायची, खर्च दुसऱ्या दराने, आणि मध्ये पाण्याचा घोट घ्यायचा. जागतिक बँकेने जून 2025 मध्ये दारिद्र्यरेषा 2.15 डॉलरवरून 3 डॉलरवर नेली. "तीन डॉलर म्हणजे दिवसाला अडीचशे रुपये झाले की हो" असं कुणी म्हणालं तर मान डोलवा. ते तीन डॉलर क्रयशक्तीचे आहेत, म्हणजे 2021 च्या किमतींत साधारण साठ रुपये, हे सांगून पंगतीचा घास कडू करू नये.

पावसावर मात्र जरा जास्त मेहनत घ्या, कारण मराठवाड्यात टाळ्या तिथेच मिळतात. पॅरिसला वर्षाला साधारण 640 मिलिमीटर पाऊस पडतो, लंडनला 600 च्या आसपास. बीड जिल्ह्याची सरासरीही त्याच घरात आहे, नांदेडची तर बरीच वर. एवढं बोलून गप्प बसा. मांडवात सन्नाटा पसरेल. "मग आपल्याकडंच टँकर का लागतो दाजी?" असं कुणी विचारलं तर "लोकांना शिस्त नाही" हे उत्तर पुरतं. खरं उत्तर लांबडं आहे आणि त्यात कुणालाच शिव्या घालता येत नाहीत. तिकडचा पाऊस बारा महिने झिमझिमतो, तोही थंड हवेत. आपला जून ते सप्टेंबरमध्ये, त्यातल्या चाळीस-पंचेचाळीस दिवसांत उरकतो, आणि कधी एका रात्रीत शंभर मिलिमीटर ओतून पुढचे तीन आठवडे तोंड दाखवत नाही. लंडन-पॅरिसच्या खाली खडूचे आणि चुनखडीचे जाड थर आहेत, ते पाणी पितात आणि धरून ठेवतात. आपल्या पायाखाली काळा पाषाण. पाणी राहायचं ते वरच्या मुरमात आणि भेगांत. त्याखाली कडक लागला की संपलं. शिवाय उघड्या भांड्यातलं पाणी इथलं ऊन वर्षाला दोन मीटरच्या आसपास उडवतं, म्हणजे बीडच्या पावसाच्या जवळपास तिप्पट. जायकवाडी धरणाचा नाथसागरही खोल कमी आणि पसरट जास्त, भरला की साडेतीनशे चौरस किलोमीटर. सूर्याला याहून मोठी परात कुठे मिळणार? हे सगळं सांगायला अर्धा तास लागतो आणि तोवर जिलबी संपते.

आता इस्रायल. हा आपला लाडका देश आहे, त्यामुळे इथे चूक चालत नाही. ठिबकपासून सुरुवात करावी. 1965 साली हात्झेरीम किबुत्झमध्ये, म्हणजे तिकडच्या सामुदायिक शेतीच्या वस्तीत, ठिबकचा कारखाना निघाला, हे साल पाठ असावं. फोटो दाखवायचा तो नळीतून पडणाऱ्या थेंबाचा. फिल्टरचा दाखवू नये. फिल्टर दाखवला की माणसं विचारतात, रोज धुवायचा का? रोजच धुवायचा. आपल्या बोअरचं पाणी जड असतं, क्षार ड्रीपरच्या तोंडाशी बसतात, म्हणून अधूनमधून आम्ल सोडून लॅटरल, म्हणजे ओळीतल्या नळ्या, धुवाव्या लागतात, शेवटची टोपणं काढून गाळ सोडावा लागतो. टोकाच्या झाडापर्यंत दाब पोचायला हवा, आणि तो द्यायला वीज यायची रात्री दोन वाजता. खारी आणि उंदीर नळ्या कुरतडतात ते वेगळंच. राज्य सरकार लहान शेतकऱ्याला ठिबकवर 80 टक्क्यांपर्यंत अनुदान देतं, पण फिल्टर धुण्याला अनुदान नाही. त्यामुळे दोन हंगामांत निम्मे ड्रीपर बंद पडतात, संच गुंडाळून गोठ्यावर जातो, आणि "इस्रायलचं तंत्र आपल्या मातीत चालत नाही" असा निष्कर्ष निघतो. तो तुम्हीच काढा, दुसऱ्या कुणाला काढू देऊ नका.

समुद्राचं पाणी गोडं करण्याचाही उल्लेख हवा. अश्केलोनचा प्रकल्प 2005 साली सुरू झाला, सोरेकचा 2013 ला. "मग आपण का नाही?" हे आवाज चढवून विचारा. नकाशा मात्र दाखवू नका. एक घनमीटर पाणी गोडं करायला तीन ते चार युनिट वीज जाते. त्यांची मोठी शहरं किनाऱ्यावर आहेत. आपलं लातूर समुद्रापासून सह्याद्रीपलीकडे आणि पाचशे-सहाशे मीटर वर. नुसतं पाचशे मीटर उचलायचं म्हटलं, पंप 75 टक्के कार्यक्षम धरला, तर घनमीटरला आणखी 1.8 युनिट. पाइपातलं घर्षण आणि घाटाचा चढ यात धरलेलाच नाही. तरी 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं होतं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्यापुढे समुद्र काय लांब आहे!

इस्रायलबद्दल एक गोष्ट चुकूनही सांगू नका. तिकडे आधी कायदा आला, पाइप नंतर. 1959 च्या कायद्याने विहिरीतलं पाणीसुद्धा सार्वजनिक मालकीचं झालं, उपसायला परवाना, वापराला मीटर. उत्तरेतलं पाणी दक्षिणेला नेणारी राष्ट्रीय वाहिनी 1964 ला सुरू झाली. ठिबक त्याच्याही नंतर. आपण हा क्रम शेवटाकडून सुरू केला, ठिबक आधी. 2018 साली मेकोरोट या त्यांच्या सरकारी कंपनीशी मराठवाडा वॉटर ग्रिडसाठी करार झाला, अकरा धरणं पाइपांनी जोडायची योजना निघाली. हे भाषणात जरूर घ्या. फक्त पाइपात सोडायचं पाणी अकराही धरणांत एकाच वर्षी नसलं तर काय, हा प्रश्न श्रोत्यांवर सोडावा.

वेळ उरला तर नेदरलँड. मराठवाड्यापेक्षा क्षेत्रफळाने लहान देश, तरी शेतमालाच्या निर्यातीत जगात अव्वल रांगेत. त्या निर्यातीत बाहेरून आणून पुढे पाठवलेला माल किती, काचघरं तापवायला वायू किती जळतो, गाईगुरांच्या नायट्रोजनवरून 2019 पासून तिकडे कोर्टकचेऱ्या कशा चालल्या, हा तपशील जागेअभावी वगळावा. युरोपीय संघाच्या अंदाजपत्रकातला जवळपास तिसरा हिस्सा शेतीवर जातो, हेही वगळावं. नाहीतर कुणीतरी आपल्याकडच्या शेतकरी सन्मान निधीच्या, केंद्राच्या सहा हजार अधिक राज्याच्या सहा हजारांचा हिशोब काढतं.

आकडे महाराष्ट्राचे घ्यावेत, मराठवाड्याचे नव्हे. बालमृत्यू असो की दरडोई उत्पन्न, राज्याच्या सरासरीत मुंबई-पुणे कालवले की हिंगोलीसुद्धा युरोपच्या दिशेने चार पावलं सरकते. दांडेकर समितीने 1984 साली या सरासरीच्या आडचा अनुशेष जिल्हावार मोजून ठेवला होता. तो अहवाल पंगतीत आणू नये, जड पडतो.

धोका एकाच माणसाचा. मांडवाच्या कडेला बसलेला कालव्याच्या टेलचा, म्हणजे अगदी शेवटच्या टोकाचा, शेतकरी. जायकवाडीचा डावा कालवा 208 किलोमीटरचा आहे, वरच्या अंगाला ऊस उभा असतो, आणि याच्या शेताला पाळी येते ती कागदावर. तो म्हणेल, "अण्णा, कायदे तर आपल्याकडं बी हायेत की. 2005 पासून पाणी मोजून द्यायचं ठरलंय. शेतीसाठी साठ मीटरच्या खाली बोअर घ्यायचा नाही, असं बी कायद्यात हाय. मग आमच्याकडं सातशे फुटाचे बोअर कुणी घेतले?" याला उत्तर देत बसू नका. त्याला आग्रहाने आणखी एक जिलबी वाढा आणि लगेच सिंगापूरकडे वळा. तिथे 1992 पासून च्युइंगमच्या विक्रीवर बंदी आहे, आणि यावर वरात निघेपर्यंत बोलता येतं.