शिबिर नको, 42 दिवस द्या

पावसाळा तोंडावर आला की फोन सुरू होतात. "सिस्टर, मोखाड्याला माता-बाल आरोग्य शिबिर घेतोय, रविवारी याल ना?" आता मी नाही म्हणते. का, ते एकदा लिहितेच.

लेबर रूममध्ये आयुष्य गेलं. निवृत्त झाल्यावर पहिली दोन वर्षं मीही शिबिरंच केली. बीपी, हिमोग्लोबिन, लोहाच्या गोळ्या, संध्याकाळी गाडी परत. एकदा एका पोरीच्या पोटावर हात ठेवून "सगळं छान आहे गं" म्हणाले. पुढच्या महिन्यात गेले तर बाळ नवव्या दिवशी गेलेलं. दूध ओढत नव्हतं, गार पडत चाललं होतं, म्हणे. घरच्यांना दिसत होतं, पण याचा अर्थ काय हे सांगायला जवळ कुणी नव्हतं.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांतल्या बायकांनाच आरोग्यदूत केलं. त्या घरी जाऊन बाळाचं वजन करत, ताप बघत, जंतुसंसर्ग ओळखून जेंटामायसिनचं इंजेक्शनसुद्धा देत. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी कमी झाले. 1999 साली हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पुढे 2011 पासून देशभर हे काम आशाताईंकडे आलं. बाळ दवाखान्यात जन्मलं तर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी जायचं. घरीच बाळंतपण झालं तर पहिल्या दिवशीही. या सगळ्या फेऱ्यांचे मिळून तेव्हा 250 रुपये ठरले. पाड्यावरची चढण एकदा चढून बघा, मग या रकमेबद्दल बोलू.

म्हणून मी आता आशाताईच्या मागोमाग जाते. तिची जागा घ्यायला नाही. घरात तीच बोलते, कारण भाषा तिची आणि विश्वासही तिच्यावर. मी फक्त हात बसवून देते. झोळीचा काटा आधी शून्यावर आहे का ते बघ. श्वास पूर्ण मिनिटभर मोज, अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नकोस, कारण नवजात बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही. 60 किंवा जास्त भरला तर बाळ शांत झाल्यावर परत मोज, आणि दुसऱ्यांदाही तेवढाच आला तर थांबू नकोस, दवाखान्यात ने. कमी वजनाचं बाळ आईच्या उघड्या छातीशी ठेव, अंघोळीची घाई नको. चीक, म्हणजे आईचं पहिलं घट्ट दूध, टाकू देऊ नकोस. सुईण आजीलाही शेजारी बसवतो आम्ही, तिला वगळलं तर घरात आपलं कुणी ऐकत नाही.

दिवाळीनंतर मात्र हात टेकतात. कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, सोबत तान्ही बाळंही. त्यांच्या उरलेल्या फेऱ्या कोण करतं?

निवृत्त नर्स मैत्रिणींनो, शिबिराचा रविवार वाचवा आणि एका आशाताईला महिन्यातले दोन दिवस द्या. नाशिकहून मोखाड्याची एसटी त्र्यंबकवरून जाते. मंगळवारी एका बाळाचा 21 वा दिवस आहे, मी सकाळच्या गाडीला असेन.