दादा, तो फॉरवर्ड काढून टाक

रविवारी सकाळी दादाने घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला. वर राखाडी कार्ट्रिजचा (गेमच्या कॅसेटचा) फोटो, ‘आमच्या वेळचे गेम’ असा मथळा, खाली पाच मुद्दे आणि शेवटी ‘ज्यांनी हे अनुभवलंय त्यांनीच पुढे पाठवा’. जुने गेम पूर्ण यायचे, त्यात बग (प्रोग्राममधल्या चुका) नसायचे. एकदा घेतला की जन्मभर आपला. खेळताना पुन्हा पैसे मागायचे नाहीत. बनवणारे मनापासून बनवायचे. आताचे डेव्हलपर आळशी, अर्धवट माल लोकांच्या गळ्यात मारतात. आणि बिघडलाच तर एक फुंकर मारायची, की चालू.

एरवी अशा मेसेजवर मी अंगठा टाकून मोकळा होतो. पण त्याच ग्रुपवर ताईचा मुलगा आहे. तो एका गेम कंपनीत टेस्टर होता. तीन महिन्यांपूर्वी त्याच्या अख्ख्या टीमला दहा मिनिटांच्या व्हिडिओ कॉलवर घरचा रस्ता दाखवला. दादाने फॉरवर्डखाली ‘शंभर टक्के खरं’ असं लिहून तीन हसरे चेहरेही चिकटवले. भाच्याने मेसेज वाचल्याचं दिसलं, उत्तर काही आलं नाही. म्हणून मी देतो.

फुंकर आधी उरकतो. मीही मारली आहे, सगळ्यांनीच मारली आहे. पण कार्ट्रिजमध्ये फुंकू नका, असं ती बनवणारी निन्टेन्डो कंपनी स्वतःच सांगत असे. खोट असायची ती बहुतेक वेळा त्यांच्या जुन्या कन्सोलच्या (गेम चालवणाऱ्या यंत्राच्या) आतल्या ७२ पिनांच्या कनेक्टरमध्ये. तो सैल पडला की पिना नीट टेकत नसत. कार्ट्रिज काढून पुन्हा घातलं की पिना जागेवर बसायच्या आणि श्रेय मात्र फुंकरीला मिळायचं. तोंडातल्या दमटपणाने पिना गंजायच्या ते वेगळंच.

आता ‘बग नसायचे’. हे वाचून मला हसूच आलं. १९८० च्या पॅक-मॅनमध्ये २५६ वी पातळी आली की अर्धा पडदा अक्षरांच्या कचऱ्याने भरतो, कारण पातळीचा आकडा एका बाइटमध्ये ठेवलेला होता आणि बाइट २५५ च्या पुढे मोजत नाही. बॅटलटोड्सच्या मूळ अमेरिकन आवृत्तीत अकराव्या पातळीवर दुसऱ्या खेळाडूची बटणं चालतच नाहीत. म्हणजे दोघांनी मिळून तो गेम संपवणं अशक्य. मिथ २ हा १९९८ चा गेम काढून टाकायला गेलात, तर तो ज्या फोल्डरमध्ये होता ते अख्खं फोल्डर पुसलं जायचं. कुणी तो थेट हार्ड डिस्कच्या मुळाशी टाकला असेल तर सगळी डिस्क साफ. खोकी परत मागवावी लागली होती.

यातला माझा सगळ्यात लाडका किस्सा १९८४ च्या जेट सेट विलीचा. त्यात माळ्याच्या खोलीत एकदा जाऊन आलं की गेमची मेमरी बिघडायची आणि मग दुसऱ्याच काही खोल्यांमध्ये पाय ठेवताच मरण. गेम पूर्ण होऊच शकत नव्हता. यावर प्रकाशकाचं पहिलं म्हणणं काय, तर हे मुद्दामच केलंय, त्या खोल्यांत विषारी वायू भरलाय! नंतर मुकाट्याने दुरुस्तीचे आकडे जाहीर केले आणि लोकांनी ते गेम सुरू करण्याआधी हाताने टाइप केले. याला आज पॅच म्हणतात.

आता एक गोष्ट मान्य करतो, तीही नाइलाजाने. कार्ट्रिज एकदा छापलं की चूक सुधारायची सोय नव्हती, त्यामुळे बाहेर पडण्याआधी तपासणीला वजन होतं. आज ‘पहिल्याच दिवशी पॅच देऊ’ ही पळवाट हाताशी असते आणि ती वापरली जाते. पण ती कोण वापरतं, त्याकडे शेवटी येतो.

‘पुन्हा पैसे मागायचे नाहीत’ हे ज्याने लिहिलं तो आर्केडमध्ये, म्हणजे नाण्यावर चालणाऱ्या गेमच्या दुकानात, कधी गेला नसावा. नाणं टाका, मरा, दहा ते शून्य उलटी मोजणी बघा, पुन्हा नाणं टाका, हाच तर धंदा होता. गॉन्टलेटमध्ये (१९८५) तुम्ही नुसते उभे राहिलात तरी आयुष्य घटत जायचं आणि नाणं टाकलं की वाढायचं. डबल ड्रॅगन ३ चं आर्केड मशीन तर कहर होतं. साल १९९०. गेममध्ये चालता चालता दुकान लागायचं, आत शिरलं की नवे डाव, शस्त्रं, ताकद, जादा लढवय्ये असा माल मांडलेला, आणि किंमत मोजायची ती मशीनमध्ये खरी नाणी टाकून. जपानी आवृत्तीतून ती दुकानं काढून टाकली. ज्याला आज मायक्रोट्रान्झॅक्शन म्हणून शिव्या घालतात ते हेच, फक्त कार्डाऐवजी खिशातली चिल्लर. लूट बॉक्स, म्हणजे गेममध्ये पैसे देऊन घ्यायची बंद पेटी, हा त्याहून वाईट प्रकार आहे, कारण त्यात काय निघेल तेही माहीत नसतं. बेल्जियमने २०१८ मध्ये पैसे देऊन घ्यायचे लूट बॉक्स जुगारात धरले ते योग्यच केलं. पण हाव काल-परवा जन्मली असं कुणी सांगू नये.

मग ‘जन्मभर आपला’. दादा, तुझं पोकेमॉन गोल्ड आठवतंय ना? त्या कार्ट्रिजच्या आत नाण्याएवढी सीआर२०२५ बॅटरी असते. तुझा सेव्ह केलेला खेळ आणि आतलं घड्याळ, दोन्ही तिच्यावर. ती संपली तेव्हा तुझे सोळाही बॅज गेले आणि तू दोन दिवस कुणाशी धड बोलला नव्हतास. गेल्या वर्षी त्याची बॅटरी कुणी बदलली? त्या कार्ट्रिजचा स्क्रू साध्या स्क्रू-ड्रायव्हरने निघत नाही, ३.८ मिलिमीटरचं खास टोक लागतं. बॅटरी पट्ट्यांना वेल्ड केलेली असते, ती जपून उचकटायची, पट्ट्या असलेली नवी आणायची आणि डाग देताना शेजारची चिप तापू द्यायची नाही. भाच्याने हे सगळं तुझ्या डोळ्यांदेखत केलं. तू टॉर्च धरून उभा होतास.

आणि एका कार्ट्रिजचं सोडा. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ मध्ये सॉफ्टवेअर प्रिझर्वेशन नेटवर्कच्या साथीने पाहणी केली. २०१० च्या आधी अमेरिकेत आलेल्या गेमांपैकी ८७ टक्के आज बाजारात रीतसर विकत मिळतच नाहीत. उरलेले १३ टक्के मिळतात. उपलब्धतेच्या बाबतीत त्यांनी या गेमांना मूकपटांच्या रांगेत बसवलं आहे. ज्यांच्या प्रेमाचे गोडवे गातोय त्या कंपन्यांनी आपलाच माल धड जपला नाही, आणि ग्रंथालयांनी हे जुने गेम संशोधकांना दुरूनही खेळू द्यावेत ही मागणी अमेरिकेच्या कॉपीराइट ऑफिसने २०२४ मध्ये फेटाळली. फॉरवर्डमध्ये दिसतात ते मारिओ, सॉनिक, पोकेमॉन. त्यांच्यासोबत निघालेला ढीगभर गाळ कुणाला आठवत नाही, म्हणून तो काळ सोन्याचा वाटतो.

तरीही या मुद्द्यात दादाची बाजू अर्धी खरी आहे, आणि हे मला फारसं आवडत नाही. युबिसॉफ्टचा द क्रू हा गेम २०१४ चा. ३१ मार्च २०२४ ला त्याचा सर्व्हर बंद केला आणि पैसे मोजून घेतलेला गेम, एकट्याने खेळायचा भागसुद्धा, कायमचा मेला. बॅटरी बदलून तो उठणार नाही. त्यातूनच ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम निघाली आणि युरोपात तिच्या मागणीवर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. डिजिटल माल विकताना तुम्हाला फक्त परवाना मिळतोय हे स्पष्ट सांगा, असा कायदा कॅलिफोर्नियात २०२५ पासून लागू आहे. दादा, तुला चिडायचंच असेल तर इथे चीड, मी सोबत येतो.

उरला तो चौथा मुद्दा, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो.

‘तेव्हा मनापासून बनवायचे.’ बनवायचेच, पण त्यांना वागवलं कसं जायचं? अटारी ही तेव्हाची मोठी गेम कंपनी आपल्या प्रोग्रामरांची नावं गेमवर घालत नसे. श्रेय नाही आणि विक्रीत वाटा नाही म्हणून चौघे बाहेर पडले आणि १९७९ मध्ये त्यांनी अ‍ॅक्टिव्हिजन ही स्वतःची कंपनी काढली. अटारीच्याच वॉरन रॉबिनेटने ॲडव्हेंचर या गेममध्ये एक चोरखोली करून तिच्यात स्वतःचं नाव लपवलं, कारण दुसरीकडे कुठे ते येणारच नव्हतं. ‘वाईट गेम’ म्हटलं की सगळे ज्याचं नाव घेतात तो ई.टी. हा अटारीचाच, चित्रपटावरचा गेम हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉने एकट्याने जेमतेम पाच आठवड्यांत लिहिला. चित्रपटाच्या हक्कांचा सौदा जुलै १९८२ च्या अखेरीस ठरला आणि नाताळच्या विक्रीसाठी गेम सप्टेंबरच्या सुरुवातीला हवा होता. न खपलेली कार्ट्रिजं पुढच्या वर्षी न्यू मेक्सिकोतल्या अ‍ॅलामोगोर्डोच्या कचराडेपोत पुरली आणि २०१४ मध्ये उकरून काढली. त्यात आळस नेमका कुणाचा होता?

आता आजचं बघ. सायबरपंक २०७७ हा गेम डिसेंबर २०२० मध्ये इतका मोडका आला की सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून आठवड्याभरात काढला. इंटरनेटवर लोक डेव्हलपरांवर तुटून पडले. पुढच्याच महिन्यात कंपनीचे सहसंस्थापक मार्चिन इविन्स्की यांनी व्हिडिओ काढून सांगितलं की टीमला दोष देऊ नका, गेम बाहेर काढायचा निर्णय माझा आणि संचालक मंडळाचा. मालकाने स्वतः कबूल केलेलं आहे, आणि फॉरवर्डवाल्यांना अजून आळशी पोरंच दिसतात.

भाच्याचं काम मी जवळून पाहिलंय. एक दरवाजा होता. तो उघडत असताना गेमने आपोआप सेव्ह केलं तर परत आल्यावर पात्र भिंतीत अडकायचं. रोज नाही, पंधरा-वीस वेळा केल्यावर एकदा. तो दरवाजा त्याने रात्री अकरापर्यंत उघडला आणि मिटला, प्रत्येक वेळी फ्रेम मोजून वहीत लिहिलं, व्हिडिओसकट रिपोर्ट टाकला. दोन दिवसांनी वरून शेरा आला: ‘माहीत आहे, असंच जाऊ दे.’ कारण तारीख ठरलेली होती. गेम बाहेर आला, लोक भिंतीत अडकले आणि ‘टेस्टर झोपले होते का’ अशा कमेंट आल्या. त्याने त्या सगळ्या वाचल्या.

चांगलं काम केल्यानेही नोकरी वाचत नाही. टॅन्गो गेमवर्क्स या स्टुडिओच्या हाय-फाय रश या गेमचं कौतुक झालं, पुरस्कार मिळाले, आणि मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो स्टुडिओच बंद करायचं ठरवलं. पुढे क्राफ्टन या कोरियन कंपनीने तो घेतला म्हणून नाव तरी उरलं. त्याच वर्षी जानेवारीत मायक्रोसॉफ्टने गेम विभागातून १,९०० माणसं काढली, फेब्रुवारीत सोनीने सुमारे ९००. एवढे सगळे आळशी निघाले?

दादा, सगळ्यांसाठी डिलीट करायची वेळ टळून गेली असेल तर राहू दे, निदान ते तीन हसरे चेहरे काढ. आणि त्याला फोन कर. तुझ्या पोकेमॉनमधलं घड्याळ मागे पडतंय म्हणत होतास ना, ते त्यालाच विचारावं लागेल, मला येत नाही.