ब्लो-ऑफ बंद ठेवा म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

मुंबई आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या मेंटेनन्सवाल्यांमध्ये सेंट्रिफ्युगल एअर कंप्रेसरबद्दल एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: सर्ज (दाबलेली हवा धक्क्यानं मशीनमधून मागे फिरणं) जास्त लोडमुळे येतो, मोठी रिसीव्हर टाकी लावली की थांबतो, दोन-चार धक्क्यांनी काही होत नाही, तेव्हा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह (जास्तीची दाबलेली हवा बाहेर सोडणारा) मॅन्युअलवर टाकून बंद ठेवा, वीज वाचेल.

लोडचं म्हणाल तर नेमकं उलट आहे. प्लांटमधली मागणी घटली किंवा कुणी लाइनचा व्हॉल्व्ह आवळला की प्रेशर चढतं आणि प्रवाह कमी होतो. एका मर्यादेखाली इंपेलरला (हवा ढकलणाऱ्या फिरत्या चाकाला) ते प्रेशर पेलत नाही आणि पुढे गेलेली हवा मशीनमधून मागे फिरते. प्रेशर पडलं की मशीन पुन्हा ढकलू लागतं, पुन्हा तेच. ‘लोड कमी करा’ म्हणून डिस्चार्ज आवळणारा ऑपरेटर आगीत तेल ओततो. (स्क्रू आणि पिस्टन मशीनवाल्यांनी हा विषय सोडून द्यावा. तिथे हवा कप्प्यात कोंडून दाबली जाते, हा सर्ज होत नाही.)

टाकीच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या (हवा मागे येऊ न देणाऱ्या) पुढे टाकी असेल तर मागणी एकदम पडली तरी प्रेशर सावकाश चढतं, कंट्रोलरला वेळ मिळतो. पण मागणी कमीच राहिली तर टाकी भरणारच. आणि तीच टाकी नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या अलीकडे आली तर मागे फिरायला जास्त हवा मिळते, धक्के जास्त खोल बसतात. साठा मोठा असेल तर पूर्ण सर्ज व्हायचा संभव वाढतो, हे संशोधक ग्रेइट्झर यांनी १९७६ सालीच दाखवलं आहे.

‘काही होत नाही’ हे सगळ्यात घातक वाक्य. प्रत्येक उलट्या प्रवाहात रोटरवरचा अक्षीय जोर बदलतो आणि तो जोर पेलणारं थ्रस्ट बेअरिंग मार खातं. सील घासतात. तापलेली हवाच पुन्हा दाबली गेल्यानं तापमान चढतं. शिवाय प्रवाह उलटायला सेकंदाचा दहावा भागही लागत नाही. आवाज कानावर येईपर्यंत तो उलटून गेलेला असतो. म्हणून कंट्रोलर डिस्चार्ज प्रेशरची अचानक घसरण आणि मोटरच्या अँपिअरमधला झोका एकत्र बघतो. नुसत्या व्हायब्रेशन अलार्मवर विसंबणं म्हणजे उशीर.

आता वीज. ब्लो-ऑफमधून जाणारी हवा पैसे देऊन दाबलेली असते, हे खरंच. पण तो व्हॉल्व्ह सर्ज रेषेच्या (ज्या प्रवाहाखाली सर्ज सुरू होतो त्या हद्दीच्या) साधारण १० टक्के आधीच उघडू लागतो (हेच मार्जिन) आणि इन्स्ट्रुमेंट एअर (व्हॉल्व्ह चालवणारी हवा) गेली तर स्प्रिंगनं आपोआप उघडा पडतो, तो मशीन वाचवायलाच. बंद केलात तर वाचवणारं कुणी उरत नाही. बचत हवी तर ती दुसरीकडे आहे: आधी इनलेट गाइड व्हेन (आत येणारी हवा कमी-जास्त करणारी पाती) नीट चालतात का बघा, हेडरचं (मुख्य लाइनचं) प्रेशर गरजेपेक्षा जास्त ठेवू नका, सेंट्रिफ्युगलला स्थिर लोड द्या आणि चढउतार व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणाऱ्या) स्क्रू मशीनवर टाका. भीतीपोटी कुणी मार्जिन २५ टक्क्यांवर नेऊन ठेवलं असेल तर खरी गळती तिथे आहे.

ते मार्जिन आपल्या हवेत तपासायचं. कूलिंग टॉवरचं पाणी वेट बल्ब (ओल्या कापडात गुंडाळलेल्या थर्मामीटरवरच्या) तापमानाखाली जात नाही, आणि दमट मुंबईत ते चढंच असतं. इंटरकूलरमधून (दोन स्टेजच्या मध्ये हवा थंड करणाऱ्या) हवा गरम निघाली की पुढच्या स्टेजला तेवढं प्रेशर देणं जड जातं, मशीन सर्जच्या जवळ सरकतं. पावसाळ्यात इनलेट फिल्टर ओला होऊन चोक झाला तरी परिणाम तोच. तेव्हा जूनच्या आधी फिल्टरचा डीपी (दोन्ही बाजूंच्या प्रेशरमधला फरक) बघा, इंटरकूलर साफ करा आणि शटडाउनला ब्लो-ऑफला कमांड देऊन तो पूर्ण उघडायला किती वेळ घेतो ते घड्याळ लावून मोजा.