मूल ‘बघून शिकणारं’ की ‘ऐकून शिकणारं’? हा प्रश्नच चुकीचा आहे

शाळेच्या आणि पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर सतत फिरतो: ‘प्रत्येक मुलाची शिकण्याची ठरलेली शैली असते. कुणी बघून शिकतं, कुणी ऐकून, कुणी हाताने करून. चाचणी घेऊन शैली ओळखा, तसंच शिकवा, मूल झपाट्याने पुढे जाईल. हे विज्ञानाने सिद्ध झालं आहे.’ हेतू चांगला असल्याने मजकूर पटकन पटतो. डी.एड.ला मलाही हेच शिकवलं होतं आणि काही वर्षं मी पाठाचं टाचणही तसंच काढत होते. आज मला ते चूक वाटतं.

मुलांच्या आवडी वेगळ्या असतात, एवढा भाग खरा. पण एखादी रीत आवडणं वेगळं आणि तिच्यामुळे जास्त शिकणं वेगळं.

‘विज्ञानाने सिद्ध झालं आहे’ हे मात्र खरं नाही. हा दावा तपासायचा कसा ते आधी पाहू. मुलांची शैलीनुसार विभागणी करायची. मग ‘बघणाऱ्यां’पैकी निम्म्यांना चित्रांतून शिकवायचं, निम्म्यांना ऐकवून, ‘ऐकणाऱ्यां’चंही तसंच. शेवटी सगळ्यांना एकच परीक्षा. बघणारे चित्रांनी आणि ऐकणारे ऐकून पुढे गेले, तरच दावा टिकतो. मानसशास्त्रज्ञ हॅरॉल्ड पॅशलर आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी २००८ साली उपलब्ध संशोधन या कसोटीवर घासून पाहिलं. अशा पद्धतीने केलेले प्रयोगच मोजके निघाले आणि त्यांतल्या काहींचे निष्कर्ष दाव्याच्या थेट विरोधात होते. पुढे २०१५ साली बेथ रोगोव्स्की आणि सहकाऱ्यांनी प्रौढांना एकच मजकूर कुणाला ऐकायला, कुणाला वाचायला दिला. शैली आणि पद्धत जुळल्याने कुणाला जास्त समजलं, असं दिसलं नाही. तरीही २०१२ च्या एका पाहणीत ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या दहापैकी नऊहून अधिक शिक्षकांना हा दावा खरा वाटत होता. म्हणजे फसलेले आपण एकटे नाही.

‘चाचणीतून शैली कळते.’ सगळ्यांत जास्त वापरली जाणारी ‘वार्क’ प्रश्नावली न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांची, १९९२ च्या सुमाराची. अमुक वेळी तुम्हाला काय करायला आवडेल, असं ती विचारते. त्यातून कळते ती आवड. आणि शैली तरी किती? २००४ साली ब्रिटनमध्ये फ्रँक कॉफिल्ड यांच्या गटाने मोजणी केली, तेव्हा शैलींची ७१ वेगवेगळी प्रारूपं सापडली. यातलं कुठलं माझ्या तिसरीच्या वर्गाला लावू?

‘करून बघायला तोटा काय?’ यावर मला सगळ्यांत जास्त बोलायचं आहे, कारण तोटा मी पाहिला आहे. एक आई मुलाच्या शैली-चाचणीचा छापील अहवाल घेऊन आली होती. ‘मॅडम, हा करून शिकणारा आहे. याला जास्त वाचायला नका लावू.’ मुलगा शेजारीच उभा होता, ऐकत होता. पुढे वाचनाची पाळी आली की तो पुस्तक मिटायचा आणि म्हणायचा, ‘मी वाचून शिकणारा नाहीये.’ वर्षाच्या शेवटी ‘रस्ता’, ‘पुस्तक’ हे शब्द तो ‘रसता’, ‘पुसतक’ असेच वाचत होता. त्याला जोडाक्षरांचा सराव हवा होता, इतकंच. त्या अहवालाने त्याला सराव टाळायला कारण दिलं आणि आम्ही मोठ्यांनी ते मान्य केलं.

‘मग सगळ्यांना एकाच साच्यात घालायचं का?’ मुळीच नाही. पण पद्धत ठरते ती विषयावरून. नकाशा प्रत्येकानेच बघायला हवा, कविता प्रत्येकानेच ऐकायला आणि म्हणायला हवी, दशक-एकक कळायला प्रत्येकाच्याच हातात काड्यांचे गठ्ठे हवेत. (न दिसणाऱ्या मुलाला ब्रेल किंवा ऐकू न येणाऱ्या मुलीला खुणांची भाषा देणं ही गरज आहे, तिला शैलीच्या गप्पांत मिसळू नये.)

मुलांमधला खरा फरक असतो तो आजवर काय येतं, याचा. मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत ‘प्रथम’ या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेने हेच धरून काम केलं. तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना वस्तीतलीच एक तरुणी, ‘बालसखी’, रोज सुमारे दोन तास बाजूला घेऊन पायाभूत वाचन आणि गणित शिकवायची. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडलेल्या शाळांत हे तपासलं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत मुलांचे गुण वाढलेले दिसले. तिथे कुणाची शैली विचारली नव्हती. कुठे अडलंय, तेवढं पाहिलं होतं.

पालकसभेत ‘आमची मुलगी कोणत्या शैलीची?’ असं कुणी विचारलं, की आता मी तिची वही उघडते. ४३ वजा १७, उत्तर ३४. सातातून तीन गेले, चार. चारातून एक गेला, तीन. चित्रं आवडणारी, गोष्टी आवडणारा, वर्गभर पळणारा, तिघांच्याही वहीत हेच ३४ असतं. तिघांनाही दशक सुटा करणं कळलेलं नसतं. मग मी आईच्या हातात काड्यांचे चार गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या देते आणि म्हणते, यातून सतरा मला द्या. गठ्ठ्याचा रबर सोडताना तिच्या लक्षात येतं, की मुलगी नेमकी कुठे थांबली आहे.