गॅदरिंग नक्की कुणाचं?

डिसेंबर आला की पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गॅदरिंगवरून दोन तट पडतात. एक म्हणतो, अभ्यास बुडतो, बंद करा. दुसरा म्हणतो, मुलांना स्टेज मिळतं, हवंच. मीही गॅदरिंगच्याच बाजूने आहे, पण स्टेज मिळतं म्हणून नाही.

स्टेजवर मूल चार मिनिटं असतं. मागच्या रांगेत असेल तर आईलाही ते शोधावं लागतं. खरा माल आधीच्या तालमींत असतो. शेवटचे दोन तास ऑफ, बाकं मुलांनीच भिंतीला सरकवायची, पुठ्ठ्याच्या ढाली, त्यावर चंदेरी कागद, आणि ढाली कमी पडल्यावर कुठल्या मावळ्याने हात लपवून उभं राहायचं यावर भांडण.

आमच्या वर्गात एक मुलगा होता, गणितात कायम काठावर. त्याला विंगेत प्रॉम्प्टिंगला बसवलं होतं, कारण नाटकात घ्यायला कुणी तयार नव्हतं. ऐन गॅदरिंगला राजा वाक्य विसरला. याने आतून दिलं, राजाला ऐकू गेलं नाही. पुन्हा दिलं, तरी नाही. मग हा पठ्ठ्या एका शिपायाचा भाला घेऊन थेट स्टेजवर गेला, मुजरा केला आणि ‘महाराज, आपण म्हणत होतात की...’ असं करून अख्खं वाक्य राजाच्या तोंडात घातलं. नाटक सावरलं. वर्षभर त्याला सगळे प्रधानजी म्हणायचे.

आता अनेक शाळांत हा प्रसंग घडूच शकत नाही. संवाद आधीच रेकॉर्ड केलेले, मुलं फक्त ओठ हलवतात. नाच बसवायला बाहेरचा कोरिओग्राफर, पोशाख भाड्याने, मागे एलईडी पडदा. चूक व्हायला जागाच ठेवलेली नाही, मग सावरायला कोण शिकणार?

यात जिल्हा परिषदेच्या शाळा मला उजव्या वाटतात. गावातलं गॅदरिंग म्हणजे समोर अख्खं गाव. नाच आवडला की लोक बक्षीस देतात, गुरुजी माइकवरून नाव पुकारतात आणि बऱ्याच ठिकाणी त्या पैशांतून शाळेला रंग लागतो, पंखे येतात. बालआनंद मेळाव्यात भेळेचा स्टॉल टाकणाऱ्या पोरीला कांदा, फरसाण, चिंच यांचा खर्च वजा केल्याशिवाय नफा कळत नाही. ५ सप्टेंबरच्या स्वयंशासन दिनाला दहावीची मुलं शिक्षक होतात आणि पाचवीचा वर्ग गप्प बसवता बसवता दुपारपर्यंत त्यांचा घसा बसतो.

सरकारी पातळीवरही थोडीफार दखल आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना शाळा सुचवलीय. आपल्याकडे दहावीला लोककला, शास्त्रीय कला, चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा यांचे वाढीव गुण मिळतात. चांगलंच आहे. पण त्याला प्रमाणपत्र लागतं. आमच्या प्रधानजीला ते कुठल्या खात्यात बसवून मिळालं असतं, सांगा.

म्हणून एक विनंती. यंदा पोशाखाच्या पैशांची चिठ्ठी आली की पैसे जरूर द्या, पण शाळेला विचारा: निवेदन कोण करणार? पडदा कोण ओढणार? मी लेकीच्या शाळेत विचारलं होतं. उत्तर आलं, ‘काळजी नको, साउंडवाल्यांचं पॅकेज आहे, त्यात सगळं येतं.’