पॅकेट गेलं, पण परत येईना

"एका ओळीचं तर काम आहे, पाच मिनिटांत करतो" असं मी म्हणालो ना, तेव्हाच कुणीतरी माझ्या तोंडावर हात ठेवायला हवा होता.

काम एवढंच, की आमच्याकडचं १९२.१६८.१०.० नेटवर्क आणि पलीकडचं १९२.१६८.२०.० यांची गाठ घालून द्यायची, मधे दोन लेयर थ्री स्विच (डेटाचे तुकडे, म्हणजे पॅकेटं, एका नेटवर्कमधून दुसऱ्यात पोचवणारे डबे), त्यांच्यात एक केबल, तिच्या या टोकाला आमचा १०.०.०.१ आणि त्या टोकाला त्यांचा १०.०.०.२. माझ्या स्विचला स्टॅटिक रूट, म्हणजे हाताने लिहिलेला रस्ता, दिला, म्हटलं बाबा रे, २० वाल्यांचं काही आलं की १०.०.०.२ च्या हवाली करत जा. एंटर मारला. स्विचने हूं की चूं केलं नाही. राउटिंग टेबल, म्हणजे स्विचची रस्त्यांची यादी, बघितलं तर त्यात रूटचा पत्ताच नाही, कारण स्विचवर आयपी राउटिंगच, म्हणजे एका नेटवर्कचं पॅकेट दुसऱ्यात पाठवायची सोयच, बंद! म्हणजे मघापासून मी बहिऱ्याला रस्ता समजावत होतो. ते चालू केलं, स्विचवरूनच पलीकडे पिंग, म्हणजे "आहेस का?" अशी हाक, मारला आणि उमटलं .!!!! (उद्गारचिन्ह म्हणजे उत्तर आलं, ठिपका म्हणजे नाही; पहिला ठिपका एआरपीच्या, म्हणजे शेजाऱ्याचा हार्डवेअर पत्ता शोधण्याच्या, नावाने सोडून द्यायचा असतो). झालं की काम.

मग लॅपटॉपवरून पिंग केला. रिक्वेस्ट टाइम्ड आउट. परत केला, परत तेच. स्विचवरून जातंय, लॅपटॉपवरून नाही, हा काय चावटपणा? ट्रेसरूट (वाटेतले थांबे दाखवणारी आज्ञा) लावला तर पहिल्या ओळीत आमचाच स्विच आणि खाली नुसते तारे, म्हणजे उत्तर नाही. फायरवॉलवाल्याला (फायरवॉल म्हणजे नको ती पॅकेटं अडवणारा पहारेकरी) फोन लावला, तो म्हणाला "अरे, या वाटेत माझी फायरवॉल येतच नाही", तरी माझा संशय काही फिटेना, आम्हा नेटवर्कवाल्यांना फायरवॉलवर आळ घेतल्याशिवाय चैन पडत नाही. केबल काढून घातली. मास्क (पत्त्यातला किती भाग नेटवर्कचा ते सांगणारा आकडा) तपासताना दोनशे पंचावन्न, दोनशे पंचावन्न असं इतकं पुटपुटलो की त्याचा जपच झाला.

तासाभराने उजेड पडला. पॅकेट जात होतं हो, अगदी नीट पोचत होतं, यायचा रस्ता कुणी सांगितलाच नव्हता! त्यांच्या स्विचला मधली केबल माहीत, त्यामुळे १०.०.०.१ ने हाक मारली की तो लगेच ओ देणार, पण लॅपटॉप राहतो १९२.१६८.१०.० मधे आणि ते नाव त्याने जन्मात ऐकलेलं नाही, मग लॅपटॉपसाठी आलेलं उत्तर तो गुपचूप टाकून देत होता. आणि ट्रेसरूटमधे त्याचं नाव दिसत नव्हतं तेही याचमुळे, बिचारा बोलणार तरी कुणाकडे बघून.

त्यांच्या स्विचवर शिरलो, १९२.१६८.१०.० साठी १०.०.०.१, खरंच एकच ओळ. लॅपटॉपवर धडाधड रिप्लाय. खुशीत माझ्या स्विचवर परत आलो, राइट मेमरी केलं, म्हणजे बदल सेव्ह केले, आणि घरी गेलो.

तीन दिवसांनी पलीकडे लाइट गेली. परत आली तेव्हा त्यांचा स्विच अगदी ताजातवाना होऊन उठला, आणि लॅपटॉपवर पुन्हा टाइम्ड आउट. त्यांच्या स्विचवर सेव्ह करायचं राहिलंच होतं. हे माझ्या लक्षात यायला वीस मिनिटं लागली, कारण त्यातली अठरा मी फायरवॉलवाल्याशी फोनवर भांडत होतो.