चॉईस टू

आमच्या घरात हल्ली भाज्यांना नंबर पडलेत. मी ताटात भेंडी वाढली की चिरंजीव मोबाईलवरची नजर न काढता म्हणतात, "चॉईस टू."

ज्यांच्या घरात यंदा सेकंड पीयूसीचं, म्हणजे बारावीचं, लेकरू नाही, त्यांच्यासाठी सांगते. कर्नाटकात सीईटीची जागा लागली की पोराला चार चॉईस असतात. एक, जागा पसंत, फी भरतो, जातो. दोन, ही राहू दे, पण पुढच्या फेरीत याहून बरी मिळाली तर ती द्या. तीन, ही नको, पुढची फेरी बघतो. चार, मला तुमचं काहीच नको. ऐन 18 व्या वर्षी पोराच्या हातात असलं कोलीत! आठवड्याभरात ते त्यानं घरभर लावलं. भेंडी चॉईस टू, दोडका चॉईस थ्री, आत्याकडची वास्तुशांत चॉईस फोर.

मी क्रेडिट सोसायटीत कॅशियर. पिग्मीवाल्यांच्या चुरगळलेल्या नोटा मोजून संध्याकाळी रुपयान् रुपया जुळवणारी बाई. पण या मुलाच्या कागदांचा मेळ काही बसेना. जन्मदाखल्यावर इंग्रजीत बेलगाम, आधारवर बेळगावी. 1 नोव्हेंबर 2014 ला शहराचं सरकारी नाव बदललं. त्यामुळे माझा मुलगा एका गावात जन्मला, दुसऱ्या गावात वाढला, आणि अनगोळचं घर आम्ही एकदाही बदललेलं नाही. त्यातलं 'बेलगाम' तर त्याच्या खोलीकडे बघून कुणालाही पटेल.

जागा लागली बेंगळूरची. भेंडीला टू म्हणणाऱ्यानं बेंगळूरला वन म्हणताना पापणी लववली नाही. माझं म्हणणं साधं होतं. सगळ्या राज्याच्या इंजिनीअरिंगचं विद्यापीठ, विश्वेश्वरय्यांच्या नावाचं, 1998 पासून आपल्या बेळगावात आहे. लोक कुठून कुठून इथं कामाला येतात, आणि हा इथलीच पदवी घ्यायला पाचशे किलोमीटर चाललाय! यावर तो म्हणाला, "आई, दूध डेअरीत असतं म्हणून कोण डेअरीत जाऊन राहतं काय गे?" मला उत्तर सुचलं नाही. दोन दिवसांनी सुचलं, पण तोवर विषय गेला होता.

खऱ्या फेरीआधी सीईटीवाले एक मॉक फेरी घेतात. मी म्हटलं, आपण पण घेऊ. माडीवरची खोली म्हणजे हॉस्टेल. आठवडाभर कपडे स्वतः धुवायचे, उठवायला कुणी येणार नाही, वरखर्चाला 500 रुपये. सासूबाईंनी हे ऐकून देवाकडे बघितलं. ह्यांनी पेपर वर केला.

पहिल्या दिवशी साहेब साडेदहाला उठले. दुसऱ्या दिवशी काळी जीन्स बादलीत भिजली, आणि तिच्या खिशात स्टडी सर्टिफिकेटची झेरॉक्स भिजली. सात वर्षं कर्नाटकात शिकल्याचा पुरावा पांढऱ्या कणांच्या रूपानं जीन्सच्या धाग्याधाग्यात जाऊन बसला. दाताच्या ब्रशनं तो कण काढत बसला होता (ब्रश ह्यांचा होता, हे मी अजून बोललेले नाही). बरं, धुतलं ते वाळायला पाहिजे. बेळगावातला जुलै! पंधरा पंधरा दिवस सूर्य दिसत नाही, भिंतींना ओल, पापडाला ओल, माणसाच्या स्वभावाला ओल. तीन दिवस ती जीन्स पंख्याखाली लटकून होती. वास असा, की मांजर माडी सोडून खाली राहायला आलं. मोजे फ्रीजच्या मागच्या गरम जाळीवर वाळवायचा शोध त्यानं चौथ्या दिवशी लावला, आणि मी भाजी काढायला गेले तेव्हा तो माझ्या नाकाला लागला.

मला आतून जरा बरंच वाटत होतं. वाटलं, हा काही तयार नाही. अजून वर्षभर तरी नाही.

मग आला दाखला. हॉस्टेलच्या अर्जाला उत्पन्नाचा दाखला हवा होता, आणि त्यासाठी मी एका कचेरीत तीन अर्ध्या रजा घालवून आले होते. तिन्ही वेळा एकच उत्तर, "सर्वर डाऊन ऐत्री, नाळे बर्री." म्हणजे सर्वर बंद, उद्या या. मी बेळगावचीच, कन्नड मला कळतं. भांडताना मात्र ते मला मराठीत येतं. पाचव्या दिवशी मी ठरवलं, यालाच पाठवू. दोन तास ताटकळला म्हणजे जगाची ओळख होईल.

तो पाऊण तासात परत आला. हातात दाखला, दुसऱ्या हातात गोबी मंच्युरीची पुडी.

"सर्वर?"

"चालू होतं. प्रिंटरमध्ये कागद अडकलेला."

"मग?"

"काढून दिला. अण्णा म्हणालं, बस बे. मग अण्णानं चहा पाजला."

माझ्या तीन अर्ध्या रजांत त्या माणसाला अण्णा म्हणायचं मला एकदाही सुचलं नव्हतं. चहाचं तर नावच काढू नका. मी दाखला उजेडात धरून बघितला, शिक्का खरा आहे काय ते. खरा होता. मग मी मंच्युरी किती रुपयांची ते विचारलं, कारण काहीतरी विचारायला पाहिजे होतं.

ऑगस्टात रात्रीच्या राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं तो गेला. बरोबर कुंद्याचे दोन डबे. एक खोलीतल्या पोरांना, एक वॉर्डनला. वॉर्डनचं मी सांगितलं नव्हतं, ते त्याचं डोकं. जीन्सवरचे पांढरे कण फलाटावरच्या ट्यूबच्या उजेडात अजून दिसत होते.

तिसऱ्या दिवशी फोन आला. मागं ताटांचा खणखणाट.

"जेवलास?"

"जेवूलालोय. भेंडी आहे."

"मग? कुठला चॉईस?"

"इथं चॉईस नाही गे आई. वाढतात आणि पुढं जातात."

मी काही बोलणार, एवढ्यात पाटावरून ह्यांचा आवाज आला, "चॉईस टू."

वळून बघितलं तर ताटातली भेंडी बोटानं कडेला सारून हे माझ्याकडे आशेनं बघत होते. फेऱ्या संपल्या आहेत हे मी त्यांना डाव आपटून कळवलं. फोनमध्ये पोरगा किती वेळ हसत होता.